ब्लॅकबर्नचा कारभारी

७ मे २०१७. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे चॅम्पियनशिपचा, शेवटचा दिवस. तिसऱ्या श्रेणीत ढकलला जाणारा शेवटचा संघ कोणता, एवढेच ठरायचे बाकी होते आणि तीन संघांचा जीव टांगणीला लागला होता: बर्मिंगहॅम सिटी, नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स. त्या दिवशी तिघेही जिंकले. बर्मिंगहॅमने ब्रिस्टलमध्ये १-० असा सामना काढला, फॉरेस्टने इप्सविचला ३-० ने हरवले आणि ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्डच्या मैदानावर जाऊन ३-१ असा विजय मिळवला. फॉरेस्ट आणि ब्लॅकबर्न, दोघांचेही गुण ५१. गोलफरकात ब्लॅकबर्न दोनने मागे. ४६ सामन्यांचा हंगाम दोन गोलांवर तुटला आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कुणावरही तोवर ही वेळ आली नव्हती.

हा क्लब ज्यांचा, ते मालक पुण्याचे. कुक्कुटपालनाच्या धंद्यात देशभर नाव असलेला व्यंकीज समूह. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजमधून तो वाढला. मुख्य कचेरी सिंहगड रस्त्यावर. अंड्यांचा भाव दलालांऐवजी उत्पादकांनी ठरवावा म्हणून १९८२ मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली, तीही डॉ. रावांच्या पुढाकाराने. १९९६ मध्ये ते गेले. पुढे कारभार त्यांची कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी राव यांच्याकडे आला. शून्यातून धंदा कसा उभा करायचा, त्यासाठी हाताखाली कशी माणसे लागतात आणि त्यांना किती वर्षे द्यावी लागतात, हे या घराने जवळून पाहिलेले होते. तरीही क्लब हातात आल्यापासून साडेसहा वर्षांत दोन श्रेणी खाली आला.

त्या मे महिन्यात मालकांपुढे प्रश्न होता तो व्यवस्थापकाचा. टोनी मोब्रे यांना येऊन जेमतेम अकरा आठवडे झाले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस ते आले तेव्हाच संघ खालच्या तीन जागांत रुतलेला होता. त्यांच्या हाताखाली १५ सामन्यांत तीनच पराभव झाले, तरी संघ वाचला नाही. फुटबॉलच्या दुनियेत अशा वेळी काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. संघ खाली गेला की व्यवस्थापक जातो, मग दोष त्याचा असो वा नसो. व्यंकीजने तर तोवर बऱ्याच जणांना घरी पाठवलेले होते. मोब्रे मालकांशी बोलायला पुण्याला आले आणि परत गेले ते नोकरी कायम राखून. वर हेही ठरवून, की तिसऱ्या श्रेणीतही खर्चाला हात आखडता घ्यायचा नाही.

व्यंकीजच्या सगळ्या मालकीत हा एक निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. तो घेताना मालकांनी पहिल्यांदाच निकालाच्या पलीकडे पाहिले. त्याची किंमत कळायची तर आधीची वर्षे समजून घ्यायला हवीत.

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले कापडगिरण्यांचे गाव. एकेकाळी भारतीय कापूस इथल्या मागांवर यायचा आणि इथले धोतरजोडे आपल्या बाजारात विकले जायचे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेत गेलेले गांधीजी शेजारच्या डार्वेनला मुद्दाम जाऊन राहिले आणि बहिष्कारामुळे काम गेलेल्या गिरणी कामगारांना भेटले. क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्या बारा संस्थापकांत ब्लॅकबर्न होता. एफ. ए. कप सहा वेळा जिंकला, पण त्यातला शेवटचा १९२८ चा. लाखा-सव्वा लाखाच्या वस्तीच्या गावाला एवढा मोठा क्लब, आणि गिरण्या गेल्यावर गावाकडे अभिमानाने सांगण्यासारखे उरलेले तेच एक. कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ हरला की घराघरांत जेवणाची चव जाते, तशी इथली तऱ्हा.

या क्लबची पहिली मोठी उभारणी गावातल्याच माणसाने केली. जॅक वॉकर पोलादाच्या व्यापारात अफाट श्रीमंत झाले, कंपनी ब्रिटिश स्टीलला विकली आणि १९९१ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चाचपडणारा क्लब हाती घेतला. त्यांनी पैसा ओतला हे सगळे सांगतात. कोणत्या क्रमाने ओतला हे फारसे कुणी सांगत नाही. आधी त्यांनी माणूस आणला. लिव्हरपूल सोडून काही महिने घरी बसलेले केनी डाल्ग्लिश त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ब्लॅकबर्नला आले. १९९२ मध्ये संघ वर गेला, मग साउथॅम्प्टनहून अॅलन शियरर आला, १९९४ मध्ये नॉर्विचहून ५० लाख पौंडांना ख्रिस सटन. कोणता खेळाडू घ्यायचा हे डाल्ग्लिश सांगत आणि चेक वॉकर फाडत. १९९५ च्या मे महिन्यात शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या अॅनफिल्डवर हरला, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखले आणि विजेतेपद ब्लॅकबर्नला आले. शियररचे त्या लीगमध्ये ३४ गोल होते. ब्रॉकहॉल नावाच्या खेड्यात वॉकरनी जी सराव मैदाने आणि अकादमी बांधली, ती आजही क्लबला खेळाडू पुरवते.

वॉकर राहायचे जर्सी बेटावर. तरी मालक लांब राहतो अशी तक्रार कुणी केली नाही. व्यंकीजबद्दल बोलताना पुणे आणि लँकेशायर यांच्यातल्या अंतरावर सगळे खापर फोडले जाते, म्हणून हे सांगायचे. अंतर अडचणीचे ठरते ते मालक आणि मैदान यांच्या मध्ये जाणता, भरवशाचा माणूस नसतो तेव्हा.

२००० मध्ये वॉकर गेले. त्यांच्या ट्रस्टने क्लब दहा वर्षे सांभाळला. जॉन विल्यम्स अध्यक्ष होते. फार गाजावाजा न करता, हातात असेल तेवढ्यात भागवून त्यांनी संघ प्रीमियर लीगमध्ये टिकवला आणि २००२ मध्ये लीग कपही आणला. नोव्हेंबर २०१० मध्ये ट्रस्टने क्लब व्यंकीजला विकला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय अंगावर आलेले कर्ज. प्रीमियर लीगमधला हा पहिला भारतीय मालकीचा क्लब. पुण्यात त्या वेळी केवढे अप्रूप होते! लीगमध्ये खेळणारा विलायती संघ आपल्या गावच्या मंडळींचा, ही गोष्ट वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरची होती.

महिनाही उलटला नव्हता. १३ डिसेंबरला व्यवस्थापक सॅम अॅलर्डाइस यांना काढले. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे ना फार वर ना धोक्यात. अॅलर्डाइसचा खेळ देखणा नव्हता हे खरे, पण संघ खाली जाऊ न देण्यात या गृहस्थाचा हातखंडा होता आणि नव्या मालकांना पहिली दोन वर्षे नेमके तेच हवे होते. त्यांच्या जागी बसवले ते प्रशिक्षकांच्या चमूतल्या स्टीव्ह कीन यांना. याआधी त्यांनी कुठलाही संघ पूर्णवेळ व्यवस्थापक म्हणून चालवलेला नव्हता. क्लब घेताना मालकांना सल्ला देणाऱ्यांत खेळाडूंचे एजंट होते. फेब्रुवारीत विल्यम्सही क्लब सोडून गेले. अवघ्या तीन महिन्यांत संघ जाणणारा माणूसही गेला आणि क्लब जाणणारा माणूसही गेला. पैसा होता, हौस होती. रोनाल्डिन्होला आणायचा प्रयत्न झाला, तो ब्राझीलला फ्लेमेंगोकडे गेला. आधी कळस मग पाया, असा तो सगळा प्रकार होता.

ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात येऊन बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. ३-० असा जिंकलाही. आपल्याकडच्या प्रेक्षकांनी मजा केली. ब्लॅकबर्नमध्ये मात्र लोकांच्या पोटात गोळा आला होता, कारण लीगमध्ये संघ तळाजवळ होता. दर सामन्याला कीन यांच्याविरुद्ध घोषणा होत होत्या. वर्षाच्या शेवटच्या दिवशी याच संघाने ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला ३-२ ने हरवले, तेही युनायटेडचे व्यवस्थापक सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी. संघात रग होती. घडी बसवणारा हात नव्हता.

मग ७ मे २०१२ उजाडला. ब्लॅकबर्नच्या घरच्या मैदानावर, ईवुड पार्कवर, विगनविरुद्धचा सामना, वर धो धो पाऊस. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, प्रेक्षकांतून कुणीतरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडली. तिच्या अंगावर ब्लॅकबर्नचा निळा-पांढरा झेंडा पांघरलेला. भिजलेली, भेदरलेली ती कोंबडी हिरवळीवर सैरावैरा पळत होती आणि टीव्हीवर सारे जग ते पाहत होते. मालकांच्या धंद्याची अशी कुचेष्टा व्हावी हे पुण्याच्या माणसाला झोंबणारच, आणि झोंबायलाही हवे; कोंबडीच्या धंद्याने या राज्यात हजारो शेतकऱ्यांची घरे चालतात, त्यात हसण्यासारखे काही नाही. पण त्या कोंबडीमागचा संताप खरा होता. अकरा वर्षे टिकवलेली जागा डोळ्यांदेखत चालली होती. शेवटच्या काही मिनिटांत विगनच्या अल्कारासने गोल केला आणि ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. ब्रेंटफर्डमधल्या त्या दुसऱ्या ७ मे च्या बरोबर पाच वर्षे आधी.

मधल्या पाच वर्षांचा हिशेब थोडक्यात असा. कीन सप्टेंबर २०१२ मध्ये गेले. १९९५ च्या विजेत्या संघातले हेनिंग बर्ग आले आणि ५७ दिवसांत गेले. करार मोडल्याची भरपाई म्हणून न्यायालयाने त्यांना साडेबावीस लाख पौंड देवविले. मायकेल अॅपलटन ६७ दिवस टिकले. गॅरी बोयर यांनी अडीच वर्षे बऱ्यापैकी सावरून धरले. त्याआधी हडर्सफील्डहून ८० लाख पौंडांना घेतलेला जॉर्डन रोड्स गोलांमागून गोल करत होता, पण क्लबचा तोटा लीगने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये खेळाडू विकत घेण्यावर बंदी आली. पॉल लँबर्ट आले, सहा-सात महिन्यांत गेले. त्यानंतर आणले ओवेन कॉयल यांना, ज्यांचे नाव झाले होते बर्नलीत. बर्नली आणि ब्लॅकबर्न यांचे वैर शंभरहून अधिक वर्षांचे. गावाला हा घाव वर्मी लागला. सहा वर्षांत सहा व्यवस्थापक, शिवाय मधल्या काळात हंगामी म्हणून उभे केलेले वेगळेच. प्रीमियर लीगमधून घसरलेल्या क्लबांना काही वर्षे मिळणारा आधाराचा पैसा, ज्याला तिकडे पॅराशूट पेमेंट म्हणतात, तोही २०१६ पर्यंत संपून गेला होता. दरवर्षीची तूट पुण्याहून भरली जात होती.

मोब्रे आले ते अशा घरात.

त्यांच्या कामाची मुळे बरीच मागे जातात. मोब्रे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचे, मिडल्सबरोचे खेळाडू. १९८६ च्या उन्हाळ्यात मिडल्सबरो क्लब कर्जात बुडाला, मैदानाच्या फाटकांना सरकारी कुलपे लागली. पगार बंद झाला. खेळाडू मिळेल त्या मोकळ्या मैदानात सराव करत होते. संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला होता आणि हंगामाचा पहिला सामना खेळायला स्वतःचे मैदानसुद्धा नव्हते. तो शेजारच्या हार्टलपूलच्या मैदानावर खेळावा लागला. व्यवस्थापक ब्रूस रिऑक यांनी उरल्यासुरल्या पोरांची मोट बांधली आणि कप्तान केले बावीस वर्षांच्या मोब्रेंना. गॅरी पॅलिस्टर, कॉलिन कूपर, स्टुअर्ट रिप्ली अशी पुढे गाजलेली नावे त्यातच होती. रिप्लीने पुढे ब्लॅकबर्नकडून लीगही जिंकली. १९८७ मध्ये हा संघ वर गेला, १९८८ मध्ये पुन्हा वर गेला. दोन वर्षांत तिसऱ्या श्रेणीतून थेट पहिल्या. चंद्रावर जायची वेळ आली तर आपल्या शेजारी मोब्रे बसलेला हवा, असे रिऑक म्हणाले होते. त्यावरून चाहत्यांच्या मासिकाचेही नाव पडले.

मोडलेला क्लब आतून कसा दिसतो हे मोब्रेंनी कप्तान म्हणून भोगले होते. पुढे व्यवस्थापक म्हणून त्यांनी वेस्ट ब्रॉमला २००८ मध्ये चॅम्पियनशिप जिंकून दिली, सेल्टिकमध्ये वर्षही पुरे झाले नाही, खुद्द मिडल्सबरोतूनही त्यांना जावे लागले, कॉव्हेंट्री त्यांनी स्वतः सोडले. यश आणि नामुष्की दोन्ही पचवलेला, त्रेपन्न वर्षांचा, संथ बोलणारा माणूस. २०१७ च्या मे महिन्यात मालकांना असाच माणूस आपल्या बाजूला हवा होता. बाहेर जाऊन शोधायची गरज पडली नाही, तो पगारावर होताच.

तिसऱ्या श्रेणीत, म्हणजे लीग वनमध्ये, त्यांनी काय केले? त्यांनी मोठी नावे मागितली नाहीत. जिलिंगहॅमहून ब्रॅडली डॅक आणला, ज्याची किंमत प्रीमियर लीगच्या हिशेबात चिल्लर होती. मधल्या फळीत रिची स्मॉलवुड, जो मिडल्सबरोत त्यांच्याच हाताखाली घडला होता. जुन्यांतले चार्ली मलग्रू आणि डॅनी ग्रॅहम यांना ठेवून घेतले. संघ खाली गेला की महागडे खेळाडू काढून टाकून पगाराचा बोजा कमी करायचा हा सर्वसाधारण रिवाज. इथे मालकांनी तो टाळला. तोटा होणार हे ठाऊक असून टाळला. मोब्रेंबरोबर मदतनीस होते मार्क व्हीनस, त्यांच्याबरोबर अनेक क्लब फिरलेले. नवे काही घडवायला निघालेल्या माणसाला आपल्या सवयीचा मदतनीस बरोबर नेता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्याने कारखाना किंवा शाळा चालवली आहे त्याला सांगावे लागत नाही.

हंगाम सुरू झाला आणि पहिले दोन्ही सामने ब्लॅकबर्न हरला. साउथएंडला २-१, मग ईवुड पार्कवर डोनकास्टरकडून ३-१. तिसऱ्या श्रेणीत आणि तिथेही पराभव! आधीच्या सहा वर्षांचा रिवाज पाहता इथे दूरध्वनी खणखणायला हवा होता. तसे झाले नाही. उरलेल्या ४४ सामन्यांत संघ फक्त चार हरला. डॅकने लीगमध्ये १८ गोल केले आणि त्या श्रेणीतला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारीत न्यूकॅसलहून उसना आणलेला अॅडम आर्मस्ट्राँग गोल करू लागला. २४ एप्रिल २०१८ रोजी, ज्या डोनकास्टरने ऑगस्टमध्ये घरी येऊन हरवले होते त्याच डोनकास्टरमध्ये, मलग्रूच्या एका गोलावर ब्लॅकबर्न जिंकला आणि पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. ९६ गुण. पहिल्या आलेल्या विगनपेक्षा दोन कमी.

त्यानंतर मोब्रे आणखी चार वर्षे राहिले. व्यंकीजच्या कारकिर्दीत एवढा टिकलेला दुसरा कुणी नाही. या चार वर्षांत ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमध्ये गेला नाही, पण धोक्यातही आला नाही. आर्मस्ट्राँगला कायमचा घेतला. २०२०-२१ मध्ये त्याने २८ गोल केले आणि साउथॅम्प्टनने त्याच्यासाठी दीड कोटी पौंड मोजले. लिव्हरपूलचा कोवळा हार्वे इलियट वर्षभर उसना येऊन इथे तयार झाला. बेन ब्रेरटन हे सगळ्यात बोलके उदाहरण. फॉरेस्टहून मोठी रक्कम देऊन आणलेला हा पोरगा तीन वर्षे गोल करेना. प्रेक्षक कुरकुरत होते. मोब्रे त्याला खेळवत राहिले. त्याची आई मूळची चिलीची. २०२१ मध्ये त्या देशाकडून कोपा अमेरिका खेळून आलेला ब्रेरटन वेगळाच होता. पुढच्या हंगामात त्याने लीगमध्ये २२ गोल केले. मालकांनी व्यवस्थापकाला वेळ दिला म्हणून व्यवस्थापकाला खेळाडूला वेळ देता आला. ५७ दिवसांचा पाहुणा असता तर ब्रेरटनला त्याने पहिल्याच महिन्यात बाकावर बसवले असते.

आता उलट बाजू. मोब्रेंना टिकवले, पण त्यांच्याभोवती क्लब उभा केला नाही. २०२२ च्या मे महिन्यात त्यांचा करार संपला आणि ते गेले. त्याच उन्हाळ्यात लेनिहन, रॉथवेल आणि न्याम्बे हे तीन नेहमीचे खेळाडूही करार संपला म्हणून फुकट निघून गेले. वर्षभराने ब्रेरटनही असाच स्पेनला, व्हियारियालकडे गेला. त्याला वेळेत विकले असते किंवा वेळेत नवा करार दिला असता तर तिजोरीत मोठी रक्कम पडली असती. करार कधी संपतात हे कागदावर लिहिलेले असते. ते पाहून दोन वर्षे आधी पावले उचलणारा माणूस क्लबच्या कचेरीत असावा लागतो.

तसा माणूस नेमायचा प्रयत्न २०२२ मध्ये झाला. ग्रेग ब्रॉटन यांना फुटबॉल संचालक केले, डेन्मार्कचे यॉन डाल टोमासन व्यवस्थापक झाले. मांडणी कागदावर चांगली होती. पण जानेवारी २०२३ च्या अखेरच्या दिवशी लुईस ओब्रायनला फॉरेस्टहून आणायचे कागद वेळेत पोचले नाहीत आणि व्यवहार फिसकटला. पुढच्याच जानेवारीत अमेरिकेच्या डंकन मॅकग्वायरच्या बाबतीत पुन्हा कागदपत्रांचीच चूक झाली आणि तोही हातचा गेला. लागोपाठ दोन वर्षे, खेळाडू तयार असताना, घोडे अर्जापाशी अडले. यातून चाहत्यांच्या मनाला जे झाले असेल ते कुठल्याही पराभवापेक्षा जास्त लागणारे आहे. टोमासन फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. ब्रॉटनही त्याच वर्षी गेले.

२०२३ चा मे महिना मात्र इथे सांगितलाच पाहिजे. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नने मिलवॉलला ४-३ असे हरवले. गुण झाले ६९. वर जाण्याच्या बाद फेरीसाठी सहावे स्थान हवे होते आणि ६९ गुण आणखी एका संघाचे होते. गोलफरकाने ती जागा त्या संघाला मिळाली. तो संघ संडरलँड आणि त्याचे व्यवस्थापक टोनी मोब्रे.

याच सुमारास पैशाचीही वाट अरुंद झाली. भारतातल्या एका चौकशीमुळे क्लबला पैसे पाठवण्यासाठी मालकांना दिल्लीच्या न्यायालयातून परवानगी घ्यावी लागू लागली. एवढ्या वर्षांत त्यांनी २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली आहे. त्यांना कंजूष म्हणणे हा अन्याय होईल. पण परवानगीवर चालणारा क्लब उद्याची आखणी करू शकत नाही. ब्रॉकहॉलच्या अकादमीत लहानपणापासून वाढलेला अॅडम व्हार्टन २०२४ च्या सुरुवातीला क्रिस्टल पॅलेसला विकावा लागला, सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना. चार-पाच महिन्यांत तो युरो स्पर्धेसाठी इंग्लंडच्या संघात होता. त्या वर्षी ब्लॅकबर्न पुन्हा तिसऱ्या श्रेणीच्या उंबरठ्यावर होता आणि शेवटच्या दिवशी लेस्टरमध्ये सॅमी स्मोडिक्सच्या दोन गोलांनी वाचला.

ब्रेंटफर्डचे नाव वर आले आहे, तर त्यांचेही सांगायला हवे. मॅथ्यू बेनम लहानपणापासून त्याच क्लबचे चाहते. २०१२ मध्ये ते मालक झाले तेव्हा ब्रेंटफर्ड तिसऱ्या श्रेणीत होता. खेळाडू निवडायला त्यांनी आकडेवारी जाणणारी माणसे नेमली, फुटबॉल संचालक नेमले आणि व्यवस्थापक गेला तरी पद्धत जाणार नाही अशी रचना केली. २०२१ मध्ये ते प्रीमियर लीगमध्ये पोचले. त्या संघाचा गोलरक्षक होता दाविद राया, सोळाव्या वर्षी स्पेनहून ब्लॅकबर्नच्या अकादमीत आलेला आणि २०१९ मध्ये ब्रेंटफर्डने नेलेला. आता तो आर्सेनलचा आहे. खेळाडू घडवण्यात ब्लॅकबर्न कुठेच कमी पडला नाही. अकादमीचा पहिल्या प्रतीचा दर्जा मालकांनी तिसऱ्या श्रेणीतही सोडला नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण घडलेला खेळाडू नेमका कुणासाठी घडवायचा, हे ठरवणारी व्यवस्था तिथे उभी राहिली नाही.

२०२४-२५ च्या हंगामात व्यवस्थापक जॉन यूस्टेस यांनी संघाला पुन्हा पहिल्या सहांत आणले. फेब्रुवारीत ते अचानक डर्बीला निघून गेले. डर्बी त्यांचा जुना क्लब, खेळाडू म्हणून ते तिथे राहिले होते; पण त्या दिवशी डर्बी तिसऱ्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता आणि ब्लॅकबर्न प्रीमियर लीगच्या दाराशी. वर चढत्या संघाचा व्यवस्थापक बुडत्या संघाकडे स्वखुशीने जातो, तेव्हा मालकांनी त्याला बोलावून नेमके काय कमी पडले ते विचारायला हवे, आणि त्याने जे सांगितले त्याप्रमाणे वागायलाही हवे. २०१७ च्या मे महिन्यात मोब्रेंच्या बाबतीत पुण्यात हेच झाले होते. डर्बी वाचला. ब्लॅकबर्न सातवा आला.